सुती कापड कां आटतें व तें आटूं नये म्हणून काय करावें

जून महिन्यांत शाळा उघडण्याच्या सुमारास बारामतीच्या व इंदापूरच्या कापडपेठेंत आईबापांची जी गर्दी होते, तिच्यांत एक वाक्य हटकून कानीं पडतें : "जरा मोठाच शिवा, धुतल्यावर आटेल." शिंपी दोन बोटें वाढवून माप घेतो आणि मुलगा पहिला महिना बाह्या दुमडून व विजार घोट्याखालीं लोळवीत शाळेंत येतो. गणपतीच्या सुमारास तोच सदरा मापाचा होतो. नाताळापर्यंत त्याच्या बाह्या मनगटाच्या वर जातात. मग मुलगा वाढला कीं सदरा आटला, हा वाद घरोघर चालतो. बहुधा दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. पण मुलाची वाढ आपल्या हातीं नाहीं. सदऱ्याचें आटणें मात्र पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे. ज्या घरांतील माणसें रोजंदारीवर किंवा ऊसतोडणीला जातात, त्या घरांत गणवेशाचा एक जोड म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी होय. तो जोड वर्षअखेरपर्यंत अंगास यावा, आणि आंखूड विजारीमुळें कोणा मुलावर वर्गांत मान खालीं घालण्याची पाळी येऊं नये, एवढ्याकरितां हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

न धुतलेल्या नव्या कापडास आपण 'कोरें' म्हणतों. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ज्यावर अद्याप पाण्याचा संस्कार झाला नाहीं तें कोरें. मत्तय व मार्क ह्यांच्या शुभवर्तमानांत जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ लावूं नये असा जो दृष्टांत आहे, त्याचें मर्म ह्याच शब्दांत आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थहि कापड धुऊन-मळून तयार करणाऱ्याचा हात ज्यास लागला नाहीं असें कापड, असाच होतो. जुनें वस्त्र अनेकवार धुतलेलें असल्यामुळें त्यास जेवढें आटावयाचें तेवढें तें आटून चुकलेलें असतें; ठिगळ मात्र पहिल्याच धुण्यांत आटूं लागतें, भोंवतालच्या जीर्ण कापडास ओढतें आणि छिद्र पूर्वीपेक्षां मोठें होतें. दृष्टांताचा आध्यात्मिक अर्थ आपण उपासनेच्या वेळीं ऐकतोंच. येथें एवढेंच लक्षांत घ्यावयाचें कीं, कोरें कापड आटतें आणि धुतलेलें फारसें आटत नाहीं, ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीं गालीलांतील बायांनाहि ठाऊक होती. तेथील वस्त्रें मुख्यतः लोंकरीचीं व तागाचीं असत. आपला प्रश्न कापसाचा आहे.

कापड आटण्याचीं कारणें दोन. पहिलें कारण मागावर सांपडतें. विणतांना उभे धागे, म्हणजे ताणा, घट्ट ताणून बसविलेले असतात. आडवा धागा, म्हणजे बाणा, धोट्यांतून इकडून तिकडे जातो. ताण सोसतांना उभे धागे तुटूं नयेत म्हणून त्यांस आधीं खळ देतात. ह्या कामास पांजणी म्हणतात. पुढें गिरणींत तें कापड धुवून, रंगवून, रुळांमधून दाबून काढतांनाहि तें लांबीच्या दिशेनेंच सतत ओढलें जातें, आणि ओढलेल्या स्थितींतच तें वाळतें. अशा रीतीनें दुकानांत येणारा ताका म्हणजे एक प्रकारें ताणून धरलेला व तसाच निजलेला पदार्थ असतो. कापसाचा तंतु सेल्यूलोज नांवाच्या द्रव्याचा बनलेला आहे. त्या द्रव्याच्या लांबच लांब सांखळ्या असून कोरडेपणीं त्या एकमेकींस धरून असतात. म्हणूनच इस्त्रीची घडी टिकते. पाणी आंत शिरलें कीं ही पकड सैल होते, धाग्यांस हालण्यास मोकळीक मिळते आणि मागावर दिलेला ताण सुटतो. धागा आपल्या मूळ लांबीकडे परत जातो. त्यालाच आपण आटणें म्हणतों. ताण्यावर ताण अधिक असल्यामुळें कापड रुंदीपेक्षां लांबींत अधिक आटतें. विजार कमरेंत आवळण्याच्या आधीं पायांत आंखूड होते, ती ह्यामुळेंच.

दुसरें कारण सूक्ष्म आहे, पण मोठें मौजेचें आहे. कापसाचा तंतु पाण्यांत फुगतो. मात्र तो सर्व दिशांनीं सारखा फुगत नाहीं. जाडींत तो शेंकडा २० च्या आसपास वाढतो, लांबींत जेमतेम शेंकडा १ किंवा २. आतां तुम्ही विचाराल कीं, तंतु फुगतो तर कापड वाढावयास पाहिजे, आटतें कसें ? ह्याचें उत्तर मैदानावर करून पाहण्यासारखें आहे. दहा मुलांस एका ओळींत हातभर अंतरावर उभें करा आणि एक दोर पहिल्याच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून, तिसऱ्याच्या पुढून, असा नागमोडी न्या. दोराचीं दोन्ही टोंकें पहिल्या व शेवटच्या मुलाच्या हातांत घट्ट द्या. आतां प्रत्येक मुलास धनगराची एक जाड घोंगडी पांघरावयास सांगा. दोर तेवढाच आहे, पण त्यास आतां प्रत्येकाभोंवतीं अधिक वळसा घालावा लागतो. म्हणून मुलांना एकमेकांच्या जवळ सरकल्यावांचून गत्यंतर नाहीं. ओळ आंखूड होते. दोर म्हणजे ताणा आणि मुलें म्हणजे बाणा. कापडांतील प्रत्येक उभा धागा आडव्या धाग्यांच्या वरून-खालून असाच गेलेला असतो. आडवे धागे फुगले कीं त्याचा वळसा वाढतो आणि कापड आटतें. वाळल्यावर धागे पुन्हां बारीक होतात, पण जवळ आलेले धागे कोणी ओढल्यावांचून आपण होऊन दूर जात नाहींत.

पिळाच्या दोरीचेंहि असेंच आहे. अंगणांतील सुती दोरी पावसांत भिजली कीं ताठ होते आणि उन्हांत वाळली कीं पुन्हां लोंबते, हें सर्वांनीं पाहिलें असेल. विज्ञानाच्या तासाला एका सुती दोरीस दगड बांधून ती तुळईला टांगावी, दगडाची जमिनीपासूनची उंची मोजावी, मग दोरी ओल्या फडक्यानें भिजवावी व थोड्या वेळानें पुन्हां मोजावें. दगड किंचित् वर चढलेला दिसेल. तंतु फुगल्यामुळें पिळाचा वळसा वाढतो व दोरी आंखूड होते. पाऊस लागला कीं तंबूचे सुती दोर सैल करावे लागतात, त्याचें कारणहि हेंच. इंग्लंडांतील जॉन मर्सर ह्या रसायनज्ञानें १८४४ सालीं दाहक सोड्याच्या तीव्र द्रावांत कापूस पाण्यापेक्षांहि अधिक फुगतो व आटतो असें पाहिलें आणि १८५० मध्यें त्या क्रियेचें पेटंट घेतलें. पुढें १८९० च्या सुमारास होरेस लो ह्यानें तेंच सूत ताणून धरून, आटूं न देतां, त्या द्रावांत भिजविलें, तेव्हां त्यास रेशमासारखी चकाकी आली. भरतकामाचे जे चकचकीत दोरे आपल्या मुली वापरतात ते ह्या क्रियेंतून निघालेले आहेत.

आतां कांहीं समजुतींचा विचार करूं. कापड केवळ ऊन पाण्यानें आटतें, गार पाण्यानें आटत नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. वर सांगितलेलीं दोन्ही कारणें गार पाण्यांतहि घडतात. ऊन पाणी लवकर आंत शिरतें आणि पकड लवकर सोडवितें, म्हणून त्यांत एकाच धुण्यांत अधिक आटलेलें दिसतें. गार पाण्यांत तेंच काम तीन-चार धुण्यांत हळूहळू होतें. मिठाच्या पाण्यांत भिजविल्यानें कापड आटत नाहीं, ही दुसरी समजूत. साडीचा फॉल व झंपराचें अस्तर मिठाच्या पाण्यांत भिजवून मगच लावण्याची आपल्या बायकांची चाल आहे, आणि ती अत्यंत शहाणपणाची आहे. पण तिच्यांतील गुण पाण्याचा आहे, मिठाचा नाहीं. मीठ न घालतां भिजविलें तरी फळ तेंच. रंगाऱ्याच्या भांड्यांत रंग सुतांत उतरावा म्हणून मिठाचा उपयोग होतो खरा, पण कच्चा रंग घरच्या मिठानें पक्का होत नाहीं.

तिसरी समजूत आपल्या तालुक्यांपुरती आहे. आमच्याकडील पाणी खारें व जड, म्हणून कपडे आटतात, असें म्हणतात. आपल्या भागाच्या पाण्याबद्दल तक्रार करण्यास जागा आहे, ह्यांत शंका नाहीं. नीरेच्या डाव्या कालव्यानें ह्या दुष्काळी मुलखास पाणी दिलें, पण काळ्या जमिनींत निचऱ्यावांचून सतत पाणी मुरल्यामुळें कित्येक ठिकाणीं क्षार वर आले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मान व त्यांचे सहकारी तम्हाणे ह्यांनीं नीरा खोऱ्यांतील ह्या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं तो प्रसिद्ध केला होता. अशा भागांतील विहिरींच्या पाण्यांत बहुधा चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षारहि असतात, आणि त्यांचा साबणाशीं संयोग होऊन न विरघळणारा चिकट सांका तयार होतो. फेंस येत नाहीं, साबण वायां जातो, सांका धाग्यांत बसून कापड ताठ व मळकट होतें. ताठ झालेलें कापड अंगास आवळतें, म्हणून तें आटलें असा भास होतो. वस्तुतः जड पाणी कापडास आटवीत नाहीं. पाण्यांत आधीं थोडा धुण्याचा सोडा विरघळविला व शेवटीं कपडे दोनदां स्वच्छ पाण्यांत खळबळून काढले, तर हा दोष बराच कमी होतो. हल्लींच्या धुण्याच्या पावडरींस जड पाण्याचा उपद्रव साबणाइतका होत नाहीं.

कापड किती आटेल हें आधीं कळल्यास पुष्कळ पैसा वांचेल, आणि तें काढणें पांचवीच्या मुलासहि कठीण नाहीं. मांजरपाटाचा किंवा खादीचा थोडा मोठा तुकडा घ्यावा. त्यावर रंगीत दोऱ्यानें बरोबर ५० सेंटिमीटरचा चौरस टांके घालून आंखावा. एक बाजू कांठाशीं समांतर असावी, म्हणजे ती ताण्याची दिशा झाली. मग तो तुकडा नेहमींप्रमाणें तीन वेळां धुऊन वाळवावा व चौरस पुन्हां मोजावा. समजा, कांठाच्या दिशेनें तो ४६.५ सेंटिमीटर भरला व आडवा ४९ भरला. तर कापड उभें शेंकडा ७ व आडवें शेंकडा २ आटलें. येथें हिशेबांत एक खांच आहे आणि तींत मोठी माणसेंहि फसतात. समजा, शेंकडा १० आटणारें कापड आहे व धुतल्यावर ५ मीटर उरावयास पाहिजे. बहुतेक जण शेंकडा १० वाढवून साडेपांच मीटर घेतील. पण साडेपांच मीटरांतून शेंकडा १० गेले म्हणजे ४.९५ मीटर उरतात. ५ सेंटिमीटर कमी पडतात. घट मूळ कापडावर मोजावयाची, उरलेल्यावर नव्हे. म्हणून ५ ला ०.९ नें भागावें. उत्तर सुमारें ५.५६ मीटर येतें. गणिताच्या पुस्तकांत नफ्यातोट्याचीं जीं उदाहरणें असतात तीं हींच, फक्त त्यांत दुकानदाराच्या जागीं परीट आहे. न आटविलेलें सुती विणीचें कापड सामान्यतः शेंकडा ३ पासून १० पर्यंत आटूं शकतें. हातानें काढलेल्या सुताची सैल विणीची खादी अधिक आटते, दाट विणीचें पॉपलिन कमी.

ह्या सर्वांतून खरा उपाय निघतो तो असा कीं, कापड शिवण्याच्या आधींच त्यास पुरतें आटूं द्यावें. कापड ठिणगीभरहि आटूं नये म्हणून आयुष्यभर त्यास पाण्यापासून जपणें शक्य नाहीं. ताक्यावरून फाडून आणलेलें कापड सैल घडी घालून मोठ्या बादलींत किंवा घंगाळांत साध्या पाण्यांत पूर्ण बुडवावें व रात्रभर राहूं द्यावें. खळ फार असेल तर पाणी एकदां बदलावें. सकाळीं तें न पिळतां उचलावें, पाणी निथळूं द्यावें, आणि सावलींत, दांडीवर बरोबर मध्यें टाकून, सुरकुत्या हातानें झाडून वाळत घालावें. किंचित् ओलसर असतांना इस्त्री करावी. जें कापड पुढें ऊन पाण्यांत धुतलें जाणार आहे तें ऊन पाण्यांतच भिजवावें. नाहींतर अर्धें आटणें शिल्लक राहतें. खादी, मांजरपाट, परकराचें कापड ह्यांस दोनदां भिजविणें चांगलें. रंगीत कापड निराळें ठेवावें. आणि केवळ वरचें कापड भिजवून भागत नाहीं. अस्तर, फॉल, नाडीची पट्टी, गळपट्टींतील बकरम, हीं सर्व जर सुती असतील तर तींहि भिजलीं पाहिजेत. चांगल्या सदऱ्याच्या गळपट्टीस पहिल्या धुण्यानंतर जे फुगे येतात, ते वरचें कापड व आंतलें बकरम निरनिराळ्या प्रमाणांत आटल्यामुळें येतात. साडीचा फॉल न भिजवितां लावला तर जरीच्या कांठास खालून जन्मभर चुण्या पडून राहतात, आणि दोष मात्र साडीस लागतो. घाईच्या दिवसांत शिंपी कापड भिजविण्याचा कंटाळा करतो, म्हणून गिऱ्हाईकानेंच तें भिजवून नेऊन द्यावें.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत आतां वस्त्रोद्योगाचें उद्यान उभें असून आपल्या गांवांतील पुष्कळ बाया तेथें शिवणकाम करतात. तयार कपड्यांच्या चांगल्या कारखान्यांतून कापड कातरण्यापूर्वीं त्याचा तुकडा धुऊन मोजण्याची पद्धत आहे. आपल्या आजीनें अस्तर भिजविलें तें आणि हें, तत्त्वतः एकच.

गिरणींतच कापड आटवून बाजारांत आणण्याची युक्ति अमेरिकेंतील ट्रॉय गांवच्या सॅनफर्ड क्लुएट ह्यानें काढली. तिचें पेटंट १९३० सालचें आहे. त्याची कंपनी सदऱ्यांच्या सुट्या गळपट्ट्या विकून प्रसिद्धीस आली होती. पहिल्या महायुद्धानंतर लोक गळपट्टी जोडलेले सदरे मागूं लागले. सुटी गळपट्टी आटली तर बदलतां येते, जोडलेली आटली तर सगळा सदराच फुकट. क्लुएटनें ओलसर कापड एका जाड लवचीक पट्ट्यावर बसवून नेलें. पट्टा रुळावरून वळतांना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते. त्या ताणलेल्या बाजूवर कापड टेकवावयाचें, आणि पट्टा सरळ होऊन आंखडला कीं त्याच्याबरोबर कापडहि लांबींत आंखडतें. मग तें त्याच स्थितींत वाळवितात. कापडाला जें पुढें घरच्या बादलींत व्हावयाचें तें गिरणींतच होऊन जातें, आणि मागें शेंकडा १ हून अधिक आटणें राहत नाहीं. ह्या कापडास सॅनफोराइज्ड म्हणतात. ताक्याच्या कांठावर तो छाप असेल तर भिजविण्याचे श्रम वांचतात.

धुण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कालव्याच्या पायऱ्यांवर कपडे आपटून धुतलेले आपण पाहतों. ओला कापूस कोरड्यापेक्षां बळकट असतो, म्हणून तो ही आपटझोड इतके दिवस सोसतो; कृत्रिम रेशीम, ज्यास रेयॉन म्हणतात, तें ओलें असतां दुबळें होतें आणि आटतेंहि फार, त्यास कधींहि आपटूं नये. सुती कपडेहि आपटण्यापेक्षां भिजत ठेवून चोळलेले बरे, म्हणजे तंतु तुटत नाहींत. पिळतांना दोरीसारखा पीळ देऊं नये, दाबून पाणी काढावें. दांडीवर टाकण्यापूर्वीं सदरा दोन्ही हातांनीं धरून झटकावा. बाह्या, शिवणी व गळपट्टी लांबीच्या दिशेनें हलक्या हातानें ओढून सरळ कराव्या. हें अर्ध्या मिनिटाचें काम आहे, आणि आटलेले धागे पुन्हां दूर सारण्याची ती उत्तम वेळ असते, कारण ओला धागा सांगितलेलें ऐकतो, वाळलेला ऐकत नाहीं. ज्यांच्या घरीं कपडे गरम हवेनें वाळविणारें यंत्र आहे, त्यांनीं तें सुती कपड्यांस शक्य तों वापरूं नये. त्यांत ओला कपडा ताणावांचून सारखा लोळत राहतो व कोणत्याहि धुण्यापेक्षां अधिक आटतो. इंदापूरच्या उन्हांत अशा यंत्राची गरज काय, हें मला तरी उमगलेलें नाहीं.

बनियन व खेळाचे टी-शर्ट विणीचे नसून गुंफणीचे असतात; धाग्यांचे फांस एकमेकांत अडकविलेले असल्यामुळें ते सहज ताणले जातात आणि सहज आंखडतात. ते आटून आंखूड व रुंद होतात. ओले असतां त्यांस हातानें लांबी देऊन सपाट जागीं पसरून वाळवावें.

सगळेंच टेरिकॉट कां घेऊं नये, असें कांहीं पालक विचारतात. पॉलिएस्टरचा तंतु पाणी जवळजवळ घेतच नाहीं, त्यामुळें तो फुगत नाहीं व आटत नाहीं. पण त्याच कारणानें तो घामहि शोषीत नाहीं. एप्रिलच्या दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं बसणाऱ्या मुलाच्या अंगावर सुताचें प्रमाण जितकें अधिक तितकें बरें, असें माझें मत आहे. लोंकरीचा प्रकार अगदींच निराळा. तिच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे खवले असून ऊन पाण्यांत चोळल्यानें ते एकमेकांत अडकतात आणि लोंकर गोठून जाते. आटलेली घोंगडी पुन्हां सैल होत नाहीं.

आटलेला सुती कपडा मात्र थोडा परत मिळवितां येतो. तो कोमट पाण्यांत अर्धा तास बुडवावा, दाबून पाणी काढावें, सपाट फळीवर पसरून ज्या दिशेनें आंखूड झाला असेल त्या दिशेनें चहूंकडून सारखा व हळू ओढावा, आणि ओलसर असतांनाच ताणून धरून इस्त्री करावी. एक-दोन बोटें लांबी मिळते. पुढच्या धुण्यांत तींतील कांहीं पुन्हां जाते, म्हणून हें दर वेळीं करावें लागतें. विजारीच्या पायांत शिंप्याकडून आंतून चार बोटें कापड दुमडून ठेवविलें असेल तर इतकी यातायात करण्याचें कारणच पडत नाहीं. तळची शिवण उसवून विजार खालीं सोडावी. जुन्या दुमडीची रेघ दिसली तर दिसूं द्यावी.